निजचाल

सायचा रंग खरंच सायीसारखा होता, पिवळसर पांढरा, आणि स्वभाव त्याहून मऊ. तिच्या जातीची घोडी आता बोटांवर मोजण्याइतकी उरली होती. त्यातही शिंगरू देऊ शकेल अशी ही एकटीच. तिचा मालक काका, आणि आता तिच्यावर बसायची ती त्याची पुतणी. लहानपणी अंगानं एवढीशी होती म्हणून सगळे तिला चिमणी म्हणत. पुढं ती चांगली धिप्पाड बाई झाली, खोगीर एका हातानं उचलायला लागली, तरी नाव काही सुटलं नाही. चिकटलं ते चिकटलंच.

या घोड्यांकडे ना उंची, ना वेग. यांचं सगळं वैभव एका चालीत. पूर्वी टपालवाले यांच्यावर बसून लांबलांबच्या गावांना जात, आणि घोडं असं काही अलगद चालायचं की वर बसलेल्याला खुशाल झोप लागायची. म्हणून त्या चालीला म्हणायचं निजचाल. काकानं उभा जन्म या चालीपायी घालवला. शाळांच्या मैदानांवर, प्रदर्शनांत, कुणी बोलावलं तर आणि न बोलावताही तो जायचा. खोगिराच्या पुढच्या कडीत पितळी वाटी बसवायची, ती पाण्यानं काठोकाठ भरायची, आणि एक फेरी मारायची. थेंब सांडेल तर शपथ! काकाचे डोळे मिटलेले, हनुवटी छातीला टेकलेली. लोक म्हणत, काय ही एकाग्रता! टाळ्या वाजल्या की काका डोळे उघडायचा आणि गोड हसायचा.

मग काकाचं कंबरडं मोडलं. आयुष्य गेलं घोड्यावर, आणि पडला कुठं म्हणाल, तर न्हाणीघरात. तेव्हापासून तो अंगणातल्या खुर्चीवर, आणि खोगिरावर चिमणी. पण चिमणी बसली की साय दुडक्या चालीनं निघायची, भाड्याच्या तट्टूसारखी. इथंच घोडं पेंड खात होतं, अगदी अक्षरशः. जुनं खोगीर झालं, नवं झालं, गूळ झाला, गोंजारणं झालं. कोपऱ्यावरचा बेकरीवाला, तोही एक हौशी स्वार, त्यानं पाव चारून पाहिले. साय पाव खायची आणि पुन्हा दुडकायची.

"ताठ बस! लक्ष दे! डोळ्यांत तेल घालून बस!" काका खुर्चीवरून ओरडायचा.

"काका, तेल घालून घालून डोळे चुरचुरायला लागले रे माझे."

आणि अशात पत्र नाही, निरोप नाही, घोड्यांच्या जाती नोंदवणाऱ्या मंडळाचा नुसता फोन आला. परीक्षक बाई येणार. त्यांना निजचाल दिसली तर ही जात वेगळी म्हणून टिकणार. नाही दिसली तर साय चारचौघींसारखी एक घोडी. शिंगरासाठी तिला मिळेल तो घोडा दाखवायचा, आणि निजचाल म्हणजे एका म्हाताऱ्याची थाप ठरणार. लोक तसं कुजबुजायला लागलेच होते. काकाला कुणी थापाड्या म्हणावं, हे चिमणीला सहन होण्यासारखं नव्हतं. घोर असा लागला की डोळ्याला डोळा लागेना.

बाई आल्या. समंजस होत्या बिचाऱ्या, मिशीतल्या मिशीत हसणाऱ्या साहेबांपैकी नव्हत्या. चिमणी ताठ बसली. साय दुडकली. वाटीतलं सगळं पाणी चिमणीच्या मांडीवर. काकानं तोंड फिरवलं, ते तिला त्या ओल्या कपड्यांहून जास्त झोंबलं.

"चहा घेऊ," बाई म्हणाल्या. "मग आणखी एकदा बघू या."

सगळे बेकरीपुढच्या बाकावर जाऊन बसले, काकाची खुर्चीही तिथंच नेली. एक चक्कर मारून येते म्हणून चिमणीनं सायला हातानं धरून मागच्या गल्लीत नेलं, तिथल्या नळावर वाटी पुन्हा भरली आणि वर बसली. खरं तर तिला रडायचं होतं आणि ते चारचौघांत नको होतं.

गल्लीत दुपार सुस्तावली होती. शिंप्याचं मशीन थांबून थांबून चालत होतं. खिडक्यांचे पडदे अर्धे आत, अर्धे बाहेर. भट्टीतून पावाचा ऊबदार वास येत होता. चिमणी थोडी रडली. मग म्हणाली, "जा बाई, तुला हवं तसं जा. मी हात टेकले." आणि लगाम सोडून दिला.

मग गल्ली लांब होत गेली. घरं दोन्ही बाजूंनी हळूच मागं सरकू लागली, जणू तीच चालत होती आणि साय जागेवर उभी होती. एका खिडकीत तिची आई दुधाचं पातेलं घेऊन उभी दिसली. दूध काठाशी आलं होतं आणि उतू जात नव्हतं. कुणीतरी तिला मांडीवर घेऊन हलवत होतं, थोपटत होतं, आणि ती पुन्हा खरोखरची चिमणीएवढी झाली होती. खाली कुठंतरी दूर पावलं वाजत होती, एकामागून एक, एकसारखी. कुणाची असतील, असं तिला वाटलं, आणि विचारायचा कंटाळा आला.

जाग आली ती शांततेनं. ती बेकरीपुढं होती. बेकरीवाला तोंड उघडं टाकून उभा, बाईंचं बोट ओठांवर, कप हातातच. तिनं दचकून लगाम धरला, तशी साय दुडकली आणि थांबली.

"काय झालं?" चिमणी म्हणाली. "मी झोपले होते? अगंबाई! माफ करा हं, बाई, आता नीट बसते."

"नको, नको!" बाई घाईनं म्हणाल्या. "नीट तेवढं बसू नका. गल्लीच्या वळणापासून इथवर तुम्ही निजचालीनं आलात."

तिला वाटलं, थट्टा करताहेत. तिनं खाली पाहिलं. वाटी काठोकाठ भरलेली होती. नुकतं दुडकताना काय दोन थेंब सांडले असतील तेवढेच.

"म्हणजे स्वार झोपला की..." बेकरीवाल्यानं कपाळाला हात लावला. "आणि आपण हिला जागं ठेवत होतो! काका, तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

"मला कसं ठाऊक असणार? मी झोपलेला असायचो! मला वाटायचं, चालीनं झोप येते. झोपेनं चाल येते हे कोण सांगणार? टाळ्या वाजल्या की जाग यायची." म्हाताऱ्याचा आवाज एकदम फुटला. "जन्मभर त्या चालीवर बसलो, चिमणे. पाहिली आज."

बाईंनी रुमाल काढला आणि साय या जातीचीच आहे, असं मोठ्यानं सांगून टाकलं.

संध्याकाळी तबेल्यात साय गवत खात होती. चिमणी काकाच्या खुर्चीच्या पायाशी बसली होती. जिंकली होती ती, पण तोंड एवढंसं झालेलं.

"कशी होती रे ती चाल, काका?"

काकानं तिचा तळहात घेतला आणि करंगळीपासून एकेक बोट त्यावर टेकवलं. टप, टप, टप, टप. "अशी."

"पुन्हा कर." त्यानं पुन्हा केलं. "मला नाही कधी दिसायची ती," चिमणी म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. "बसले की झोपणार."

"हिला शिंगरू होऊ दे, ते मोठं होऊ दे. त्याच्यावर दुसरं कुणीतरी झोपेल. तेव्हा या खुर्चीत तू बस, आणि बघ."

चिमणीनं मान हलवली. काका तळहातावर बोटं टेकवत राहिला. थोड्या वेळानं झोपेनं तिची मान त्याच्या गुडघ्यावर कलली, तेव्हा सायनं खाणं थांबवून कान टवकारले आणि पाय उचलला. तबेल्यात जागा कुठली, पण तिनं जागच्या जागीच एकेक पाऊल मोजून टाकायला सुरुवात केली. बेकरीवाला दिवा लावायला आला होता, त्याला काकानं दारातच हातानं थांबवलं.