घंट्यांमधलं मेण

वर्ध्याच्या विद्यापीठाने अण्णाजींचं संग्रहालय उघडलं, याचा मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. जिवंतपणी ज्यांनी त्यांच्याकडे ढुंकून पाहिलं नाही, ते आता त्यांचा चष्मा काचेत ठेवून हार घालत होते. पण उद्घाटनाला घंट्या वाजवणारा त्यांचा शिष्य मी एकटाच, म्हणून राग गिळून गेलो.

अण्णाजी अल्लीपूरचे संगीतकार. भजनी मंडळांना, नाटकांना त्यांनी ढीगभर चाली दिल्या, पण खरा जीव बैलांच्या गळ्यातल्या घंट्यांवर. घरचा बैल गेला की त्याची घंटा दुसऱ्याच्या गळ्यात बांधायला कित्येकांचं मन होत नाही. अशा घंट्या लोक अण्णाजींना आणून देत. संध्याकाळी गुरं गावात शिरतात, त्यावर त्यांनी या घंट्यांची एक रचना बांधली होती. ऐकताना धूळसुद्धा दिसायची.

तिचे सूर पेटीवर सापडणारे नव्हते. घंटेच्या आत अण्णाजी चिमूटभर मेण चिकटवत, वाजवून पाहत, थोडं काढत, पुन्हा लावत. मेणाने आवाज जरा खाली उतरतो. एकेका घंटेपायी त्यांचे महिने जात. रेकॉर्डिंग त्यांनी कधी करू दिलं नाही. "डब्यातला आवाज मले नाई पाहिजे," म्हणायचे. ते गेले तेव्हा ती रचना माझ्या हातांत आणि त्या घंट्यांत, एवढीच उरली होती.

संग्रहालयाच्या प्रमुख माधवी मॅडम मला दालनात घेऊन गेल्या. बाई भली. घंट्या ओळीने टांगलेल्या होत्या आणि लग्नातल्या भांड्यांसारख्या लखलखत होत्या. मी एकीवर लाकडी दांडीने हलकेच टोला दिला. दुसरी वाजवली, तिसरी वाजवली. तिन्हींचे आवाज चढलेले, परके. आत डोकावलो तर मेणाचा कणही नाही.

"या कोणी घासल्या?" मी जवळजवळ ओरडलोच.

"घरूनच अशा आल्या," मॅडम घाबरून म्हणाल्या.

पुढच्याच खुर्चीवर अण्णाजींच्या पत्नी, देवकाबाई बसल्या होत्या. कौतुकाने म्हणाल्या, "मीच घासल्या ना रे. चिंच लावली, राख लावली. आतमंधी मळ बसला होता, तो काडीनं खरवडला. यायच्या हातची वस्तू एवढ्या मोठ्या जागी जाऊन राह्यली, घाणेरडी कशी पाठवू?"

पाहुणे येऊन बसलेच होते. मी वाजवलं. हात बरोबर चालत होते आणि कानावर भलतंच पडत होतं. अण्णाजींना दुसऱ्यांदा पोचवून येतोय असं वाटलं. टाळ्या पडल्या. देवकाबाईंनी टाळी वाजवली नाही.

दालन रिकामं झाल्यावर त्या माझ्याजवळ आल्या.

"किशोर, काऊन रे असं वाजलं? पोळ्याले हे वाजवत, तवा मले चुलीपाशी रडू येत जाय. आज काईच नाई आलं."

खोटं बोलायचं ठरवलं होतं, जमलं नाही. "काकू, तो मळ नव्हता. मेण होतं. त्याच्यावरच सूर होते."

"मेण?" त्या घंट्यांकडे बघत राहिल्या. "यायच्याजवळ मेण कुठून आलं?"

ते मलाही माहीत नव्हतं. मी उगाच एकेक घंटा वाजवत गेलो. मघाशी बाकीच्यांच्या गलक्यात हरवलेल्या, कोपऱ्यातल्या सगळ्यात लहान घंटेवर दांडी पडली आणि आम्ही दोघं थांबलो. तिचं तोंड अरुंद, काडी आत पोचली नसावी. तो अण्णाजींचा सूर होता.

"हाच! हाच तं!" काकूंनी घंटा धरली, केसांतली पिन काढली आणि मी नको म्हणेपर्यंत आतला गोळा बाहेर काढला. डाळीएवढा. खिडकीपाशी नेऊन पाहिला. मेण लालसर होतं.

"हे तं माह्या करंड्यातलं आहे," त्या हळूच म्हणाल्या. "कुंकवाखाली लावाचं."

मग तिथेच खुर्चीत बसल्या.

"जनमभर मी उंदरायले शिव्या देल्या रे. करंडा शिंक्यावर टांगला, डब्यात ठेवला, तरी मेण कमीच होये. हे समोर बसून हासत राहत." त्यांचा आवाज फुटला. "एकदा मागितलं असतं, तं मी नाई म्हटलं असतं का?"

मलाही रडू आवरेना. करंड्याची आता त्यांना गरज नव्हती. मेणाचा तो गोळा त्यांनी पदराच्या टोकाला ठेवला आणि गाठ मारली.

दारात माधवी मॅडम कुलूप घेऊन उभ्या होत्या. ते मेण होतं तिथे परत बसवलं असतं, तर निदान एक सूर वाचला असता. मी हात पुढे केला होता. तो मागे घेतला. मागितलं असतं तर काकू नाही म्हणाल्या नसत्या, म्हणूनच मागितलं नाही.