घाम फुटलेली फरशी

मित्रांनो, माझ्याकडे सहसा कोणी बघत नाही. बघतात ते माझ्यावरून धावणाऱ्यांकडे. मी गाइव्होता गावच्या क्रीडागृहातली जुनी सिमेंटची फरशी आहे. चार चाकांचे बूट घालून, वाकड्या काठीने कडक चेंडू मारत जी हॉकी खेळतात, ती माझ्यावर खेळली जाते. पोर्तुगालच्या या किनाऱ्यावर मूल नीट चालायला लागले, की त्याला लवकरच चाकांवर उभे करतात. त्यामुळे गावातल्या जवळजवळ प्रत्येकाचा पहिला दणका मीच झेलला आहे.

मला सिल्वेरिउ नावाच्या गवंड्याने घडवले. मध्ये सांधा राहिला तर चाक अडखळेल, म्हणून सगळे काँक्रीट एका दमात ओतायचे ठरले. त्या दिवशी एकही होडी समुद्रात गेली नाही. कोळ्यांनी घमेली वाहिली, बायकांनी अंगणात सार्डिन मासे भाजले. पुढे कितीतरी दिवस सिल्वेरिउ मला दगडाने घासत होता. फरशी फार गुळगुळीत झाली तर चाक घसरते, खरखरीत राहिली तर रुतते. या दोहोंच्या मधली जागा तो गुडघ्यावर बसून तळहाताने शोधत असे. "हिला हात लावून बघा," तो पाहुण्यांना सांगायचा, "माझ्या सासूपेक्षा मऊ आहे."

मग वाईट दिवस आले. तरुण मंडळी कामासाठी फ्रान्सला गेली, क्रीडागृहाला कुलूप लागले आणि माझ्यावर मासेमारीची जाळी रचली गेली. खारट पाण्याने माझा एक कोपरा अजून पांढुरका आहे. बेलार्मिनु नावाचा बेकरीवाला परदेशातून परतला आणि क्लबचा अध्यक्ष झाला. त्याने जाळी उचलायला लावली आणि मला सोड्याच्या पाण्याने धुऊन काढले. हळूहळू संघ उभा राहिला, आणि एका वर्षी आमचा क्लब थेट युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेत पोहोचला.

त्या हंगामाची गोष्ट मला तुम्हाला सांगायची आहे.

शरद ऋतूत आमच्याकडे स्वित्झर्लंडचे खेळाडू आले, फ्रान्सचे आले. प्रत्येक संघाची धावण्याची तऱ्हा वेगळी, चाकांचा आवाजही वेगळा. आमचे खेळाडू दिवसभर आपापली कामे करून संध्याकाळी सरावाला येत. कप्तान लुद्जेरु गाड्यांचे टायर बदलायचा. त्याचा गुडघा झिजला होता आणि हा हंगाम शेवटचा, असे डॉक्टरांनी बजावले होते. त्याची आई इदालिना दर सामन्याला कठड्याजवळच्या पहिल्या बाकावर बसे. लुद्जेरु आठ वर्षांचा होता तेव्हापासून तिने त्याचा माझ्यावरचा एकही सामना चुकवला नव्हता.

हिवाळ्यात इटलीतल्या एका संघाशी गाठ पडली. त्यांच्या घरचा सामना बरोबरीत सुटला होता. आमच्याकडचा सामना जिंकणारा संघ शेवटच्या चार संघांत जाणार होता.

त्या दिवशी समुद्रावरून दाट धुके चढत आले. बेलार्मिनु घाबरला. धुके आत शिरले तर फरशी भिजेल, असे म्हणून त्याने सगळी दारे-खिडक्या लावून घेतल्या. सगळ्यांना ते पटले. दुपारपासूनच गाव लोटले. म्हातारी माणसे आली, तान्ही मुले आली, वाफाळत्या कोबीच्या सुपाचे डबे आले. बाकांवर जागा उरली नाही, तेव्हा लोक पायऱ्यांवर दाटीवाटीने बसले. सगळे गात होते. मला फार बरे वाटले. इतके प्रेम माझ्याभोवती पूर्वी कधी जमले नव्हते.

आणि मला घाम फुटू लागला.

मित्रांनो, थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून थेंब सुटतात, ते तुम्ही पाहिले असतील. ते पाणी तांब्यातून झिरपत नाही. हवेतली वाफ थंड धातूला टेकते आणि तिचेच पाणी होते. मी तर जाडजूड, हिवाळाभर गारठलेली. शेकडो माणसांचे उच्छ्वास आणि सुपाची वाफ कोंडलेल्या हवेत साठत गेली आणि माझ्यावर उतरत गेली.

सामन्याआधी सरावाला उतरलेला लुद्जेरु वळला आणि आडवा झाला. पाठोपाठ एक इटालियन खेळाडू कठड्यावर आदळला. फडकी आली, टॉवेल आले. प्रेक्षकांनी उड्या मारून गळ्यातल्या मफलरांनी मला पुसले. ते पुसत पुढे जात आणि त्यांच्या मागे मी पुन्हा ओली होई. पंचांनी तळवा टेकवून पाहिला, मान हलवली आणि थोडा वेळ दिला. तेवढ्यात फरशी कोरडी झाली नाही तर सामना पाहुण्यांना बहाल होईल, असे त्यांनी सांगितले.

लुद्जेरु कठड्याला टेकून उभा राहिला. न खेळताच त्याचा शेवटचा हंगाम संपणार होता.

तेवढ्यात आमचा गोलरक्षक ओताविउ बोलला. तो खेळभर माझ्याजवळ वाकून बसतो, त्यामुळे माझी ओल त्याला सगळ्यात आधी कळते. सकाळच्या सरावाला सगळी दारे उघडी होती, धुके आत येत होते, तरी फरशी कोरडी ठणठणीत होती, याची त्याने सगळ्यांना आठवण करून दिली.

"पाणी बाहेरून येत नाहीये," तो म्हणाला. "आपणच आणतोय. दारं उघडा, आणि लोकांना बाहेर पाठवा."

बेलार्मिनुला ते ऐकवेना. जाळ्यांखालून त्याने मला काढले ते या दिवसासाठीच. गावाला बाहेर काढून गावाचा सामना कसा खेळायचा? निदान थोडे लोक तरी राहू देत, असे तो विनवत होता. पण ते थोडे कोण, हे कोणाला ठरवता येईना. सगळे आपापली जागा धरून बसले.

तेव्हा पहिल्या बाकावरून इदालिना उठली. तिने डोक्याला रुमाल बांधला.

"चला, अध्यक्षसाहेब, आधी तुम्ही. सगळ्यात जास्त वाफ तुमच्याच तोंडातून निघते."

लोक हसले. लुद्जेरु मात्र कठड्याशी आला. "आई, तू बस ना. एका माणसानं काय होतंय?"

"प्रत्येक जण आपल्या आईसाठी हेच म्हणेल," ती म्हणाली. "तू खेळ. मी ऐकेन."

ती निघाली, तसे बाक एकेक करून रिकामे होऊ लागले. कोणी कुरकुरत, कोणी पोराला खांद्यावर घेऊन, सगळे गाव धुक्यात जाऊन उभे राहिले. दारे उघडली. बाहेरची हवा थंड होती आणि थंड हवेत वाफ थोडीच मावते. माझ्यापाशी येऊन ती हवा किंचित तापली आणि माझ्यावरची ओल टिपू लागली. दारांकडून मध्यापर्यंत मी हळूहळू सुकत आले. इटलीचा गोलरक्षक डुच्चो आपल्या गोलासमोरची जागा स्वतः पुसत होता. शेवटी पंचांनी पुन्हा तळवा टेकवला आणि शिट्टी वाजवली.

मासे विकणाऱ्या जर्मानाचा आवाज सगळ्या बंदरावर ऐकू जातो, म्हणून तिला दारात उभे केले होते. ती बघायची आणि मागे सांगायची. तिथून बातमी तोंडोतोंडी शेवटपर्यंत जायची. गोल झाला की बाहेरचा जल्लोष उशिरा, एकामागून एक लाटांनी यायचा. बरोबरी काही सुटेना. अखेर लुद्जेरु गोलामागून वळसा घालून आला आणि त्याने चेंडू डुच्चोच्या खांद्यावरून आत टाकला. पहिली लाट आली, दुसरी आली, आणि तिसरी येईपर्यंत सामना संपला होता.

लोक आत आले तेव्हा इदालिनाने ओले बूट काढले आणि मोजे घातलेल्या पायांनी ती माझ्यावर चालत आली.

"कुठून मारलास? दाखव."

लुद्जेरुने हाताने सांगून पाहिले. तिला ते चालेना. मग डुच्चोच हसत आपला मुखवटा चढवून गोलात जाऊन बसला. लुद्जेरुने तसाच वळसा घेतला, तसाच चेंडू उचलला, आणि डुच्चोने तो अलगद अडवला.

"हा शिकला बघ," इदालिना म्हणाली. "तू पुन्हा मार."

सगळे गाव पोट धरून हसत होते. लुद्जेरुने पुन्हा मारला, आणि या वेळी डुच्चोने डोळे मिटून घेतले.

पुढे परक्या गावात आम्ही हरलो. चषक काही आला नाही. लुद्जेरुने चाके उतरवली. माझ्यावर आता भेगा आहेत. लग्नसमारंभात लोक माझ्यावरून टेबले ओढतात, ते मला दुखते. मित्रांनो, तुमच्याकडेही अशी एखादी फरशी असेल. तिच्यावर काही ओढू नका, जड वस्तू दोघांनी मिळून उचला. आणि ती ओली दिसली तर नुसती पुसून मोकळे होऊ नका. पाणी कुठून येते ते आधी पाहा. ते आपल्यामुळेच येत असेल, तर तिचा राग न करता थोडा वेळ बाहेर जाऊन उभे राहा. आत काय चालले आहे, ते दारातून कोणीतरी नक्की सांगेल.