१९०३ मॉडेलचा दस्ता

नवरा महादेवराव वारले, तशी त्यांची ऑस्ट्रियन रायफल आपल्या नावावर करून घ्यायला सत्यभामाबाई तालुक्याच्या कचेरीत गेल्या. संग्रामपूरच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी त्यांचं शेत होतं आणि रानडुकरं ज्वारी उभी राहू देत नव्हती.

कारकुनाने परवाना वाचला. "मानलिकर, मॉडेल १९०३. लाकडी दस्ता नळीच्या तोंडापर्यंत." मग त्याने रायफलीकडे पाहिलं. हिचं लाकूड नळीच्या मध्यावरच संपत होतं. "बाई, ही बंदूक दुसरी दिसते. उलगडा होईपर्यंत इथेच राहील."

बाई तिथून थेट कडूबा सुताराकडे आल्या. पावसाने तडकलेलं पुढचं लाकूड बारा वर्षांपूर्वी त्यानेच कापलं होतं.

"उद्या चाल माह्यासंगं. साहेबाले तेवढं सांग."

कडूबाने रंधा खाली ठेवला. "बाई, ते पावसानं नव्हतं तडकलं. मालकानं तेल पाजाले देली होती, माह्या हातून पडली. मी लबाड बोललो."

"त्याहिले माहीत होतं," बाई म्हणाल्या.

"मंग बोलले काऊन नाही?"

"म्हणे, बोललो तर कडूबा पुन्हा आपल्या दारी येणार नाही. अन् डोंगर चढताना हलकीबी लागते म्हणे."

कडूबाने धोतरावरचा भुसा झटकला. "येतो उद्या, बाई."

दुसऱ्या दिवशी तहसीलदारांपुढे त्याने धोतराच्या सोग्याने नळीच्या बुडाचा वाळलेल्या तेलाचा थर पुसला. "साहेब, साल अन् नंबर लोखंडावर असते. लाकूड काय, बदलते."

खाली १९०३ उमटलेलं होतं. नंबरही परवान्याशी जुळला.

"पण दस्ता कापला कशाला?" साहेबांनी विचारलं.

पावसाचं नाव सांगून चाललं असतं. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं.

"माह्या हातून पडली होती, साहेब," कडूबा सगळ्यांदेखत म्हणाला.

साहेबांनी मान हलवली. कारकुनाने जुनं वर्णन खोडून 'अर्धा दस्ता' लिहिलं. महिनाभराने परवाना बाईंच्या नावावर झाला.

त्या हंगामात एका संध्याकाळी बाईंनी बांधावरून पहिली गोळी झाडली. नेम साफ चुकला. खांदा दोन दिवस दुखला. पण कळप डोंगराकडे पळाला, आणि ज्वारी कापणीपर्यंत उभी राहिली.