जहीर सरांचा समास

कल्पना करा, मुलांनो, की तुम्ही ब्रह्मपुरीतल्या एका जुन्या टायपिंग क्लासात उभे आहात. भिंतीशी अकरा टाइपरायटर खोळ घालून गप्प बसले आहेत. मधल्या टेबलावर एकच कॉम्प्युटर आहे. घड्याळात दहा वाजून वीस मिनिटं झालीत, आणि अकराला वीज जाणार हे सगळ्यांना ठाऊक आहे. बाहेर जीप थांबली आहे.

"सर, नऊच नावं?" नर्स नीलाबाईंनी कागद जहीर सरांपुढे धरला. "झिंगूचा चैतू कुठी गेला याच्यातून? त्याचं रक्त मीच काढलं होतं. पुन्हा तपासाचं हाये म्हणून डॉक्टरनं सांगतलं होतं."

सरांनी कागद हातात घेऊन नावं पुन्हा मोजली.

दवाखान्यानं सिकलसेल या रक्ताच्या आजारासाठी तीनशे मुलांचं रक्त तपासलं होतं. ज्यांचा निकाल शंकेचा, त्यांना आज जंगलातल्या गावांतून आणायचं होतं. तपासणारे लोक संध्याकाळी नागपूरला परतणार. पुढचं शिबिर केव्हा, कोणालाच माहीत नव्हतं. निकालांचं रजिस्टर चंद्रपूरच्या कचेरीत गेलेलं. यादीत नाव नसेल त्या गावाला जीप वळणारच नव्हती. आणि यादी काढणारा प्रोग्रॅम सरांनी आणि नबील, प्रणित, मयुरी या त्यांच्या तीन विद्यार्थ्यांनी मिळून लिहिला होता.

"चूक शोधाची," सर म्हणाले. "चला, बसा."

पण शोधायची कुठे? नबीलनं आपला भाग दोन-दोन जागा सोडून लिहिलेला. प्रणितनं प्रत्येक वेळी टॅब दाबलेला, त्याच्या ओळी पडद्याबाहेर पळत होत्या. एकाचं लिहिलेलं दुसऱ्याला वाचता येत नव्हतं.

"तुह्यावाल्या ओळी पाहून डोकं गरगरते बे," नबील म्हणाला.

"अन् तुह्या? मुंगळ्याची रांग!"

"भांडू नका. आधी एक रीत ठरवा," सर म्हणाले. "प्रश्नाच्या पोटात प्रश्न आला की ओळ आत सरकवाची. जिन्याच्या पायरीसारखी. किती जागा सोडाच्या? मी म्हणतो पाच."

पाच हा सरांचा जुना आकडा. बावीस वर्षं त्यांनी मुलांना हेच शिकवलं होतं: समास दहावर, परिच्छेद पाच जागा सोडून. त्यांच्या हाताखालून गेलेल्या पोरांनी तहसीलपासून कोर्टापर्यंत पत्रं टाइप केली. मग कॉम्प्युटर आले, पोरं आटली, आणि सर अठ्ठेचाळिसाव्या वर्षी पुस्तक उघडून पुन्हा विद्यार्थी झाले.

"सर, चार," सातवीतली मयुरी हळूच म्हणाली. "दोनानं तुमाले दिसत नाई, पाचानं आतली ओळ कापली जाते. चारात सगळं बसते."

सरांनी चष्मा पुसला. "बरं. चार म्हणजे चार. मलेही तेच लागू."

मयुरी कीबोर्डवर बसली. नबीलचा भाग लावून झाला, चूक नाही. प्रणितचा झाला, चूक नाही. तिचा स्वतःचा झाला. पावणेअकरा. जीपवाल्या लटारूनं हॉर्न वाजवला. नीलाबाई दारात जात, परत येत.

उरला मधला भाग. तो सरांचा होता. चाळीस ओळी, साऱ्या डाव्या कडेला चिकटलेल्या. सरांच्या भागाला कोणी हात लावत नसे. मयुरीची बोटं थांबली.

"काऊन थांबली बाई?"

"तुमचा हाये सर हा."

"मग? माह्या ओळीले का सोनं लागलं हाये? लाव."

तिनं ओळी सरकवायला घेतल्या. निकाल शंकेचा आहे का? एक पायरी आत. वय पाचाच्या खाली आहे का? आणखी एक पायरी आत. तिथं 'आईला सोबत आणा' ही सूचना. तिच्याच खाली, 'प्रश्न संपला' ही खूण यायच्या आधीच, त्याच पायरीवर एक ओळ येऊन बसली: नाव छापा.

मयुरीनं मागे वळून पाहिलं नाही. तिचे कान तापले. नाव छापायची ओळ बाहेरच्या पायरीवर हवी होती. आत अडकल्यामुळं फक्त पाचाखालच्या लेकरांचीच नावं छापली जात होती. चैतू नऊ वर्षांचा होता.



"दिसली," सरच म्हणाले. आवाज कोरडा होता. "माहीच हाये. बाहेर काढ तिले."

प्रिंटर कर्रकर्र करत चालू लागला. नऊ, पंधरा, एकवीस, सव्वीस. सव्विसावं नाव चैतूचं. नीलाबाईंनी कागद फाडून घेतला आणि पायऱ्या उतरता उतरताच ओरडल्या, "लटारूभाऊ, काढा गाडी!"

अकराला सहा मिनिटं होती. सर स्टुलावर बसले. प्रणित न् नबील जमिनीकडे पाहत होते.

"मयुरी, वरती पहिल्या ओळीत लिहून ठेव," सर म्हणाले. "मधल्या भागात चूक जहीरची होती. सापडली मयुरीले. उद्या जो वाचीन त्याले समजलं पाहिजे."

"तुमचं नाव नको ना सर."

"लिही. वीज जाते."

ती कर्सर अगदी वर घेऊन गेली. मग तिनं स्पेसबार दाबला. सरांनी मान वळवली नाही, पण बावीस वर्षांचा कान होता तो. एक, दोन, तीन, चार. आणि थोडं थांबून, पाच.

"चार ठरले होते ना?" नबील कुजबुजला.

"ते प्रोग्रॅमसाठी," मयुरी म्हणाली. "हे तं माणसाले लिहिलेलं हाये."

आणि ती सरांचं नाव लिहू लागली.