पाचशे मोठे की दोन?

"पाचशे! काटा पाचशेवर गेला!"

थोरल्या जाऊबाईंच्या खोलीत पाऊल ठेवायला जागा नव्हती. अख्खी गल्ली लोटली होती. पलंगाशी प्राणबाबा उभे, हाती सोनेरी रंगाचं गॅसचं नळकांडं, त्यावर काट्याचा मापक. नळकांड्याची नळी जाऊबाईंच्या नाकाला लावलेली.

"दवाखान्याने मिनिटाला किती दिले?" बाबांनी हात उंचावून विचारलं.

"दोन!" गर्दी ओरडली.

"मी किती देतो?"

"पाचशे!"

"आणि तासाला तीस हजार! हा साधा वारा नव्हे, प्राणाची नदी आहे नदी! बघा, माउलीचा खोकलासुद्धा थांबला."

जाऊबाईंची फुप्फुसं वर्षभर अधू आहेत. दवाखान्याच्या सांगण्यावरून दुकानातून भाड्याने ऑक्सिजनचं यंत्र आणलंय, त्याचा आकडा दोनवर. बाबांनी ते बंद करायला लावलं. रक्तातला ऑक्सिजन दाखवणारी, बोटाला लावायची चिमटीही काढून फेकली. "ती श्रद्धा कापते," म्हणे. जाऊबाईंच्या मुलाने, माझ्या पुतण्याने, लगेच दुकानदाराला फोन केला होता आणि यंत्र उचलायला आलेला माणूस दारात ताटकळत होता.

मी देवभोळी बाई. सकाळपासून दुपारपर्यंत माझं रोज मौन असतं. डॉक्टर म्हणाले, ऑक्सिजनजवळ दिवा नको, तेव्हा माझा दिवा मी मुकाट्याने स्वयंपाकघरात हलवला. देव काही रुसला नाही. त्या दिवशीही मी मुकाट्याने जाऊबाईंचा हात धरून बसले होते. हात गार लागला. नखं पाहिली. निळसर.

खोकला थांबला होता खरा. खोकायलाही दम उरला नव्हता त्यांच्यात.

माझं मौन तिथेच सुटलं. "अरे, नखं बघ आईची! यंत्र लाव!"

पुतण्या चमकला. काकूचा आवाज चढलेला त्याने जन्मात ऐकला नव्हता. पण त्याने यंत्रावरचा हात काढला नाही. "काकू, दोनाऐवजी पाचशे मिळतायत तिला! तू मध्ये नको पडू."

"भावोजी, पाचशे काय?" मागून माझी सून पुढे आली. शाळेत विज्ञान शिकवते ती. "पाचशे दाणे? पाचशे घागरी?"

"पाचशे म्हणजे पाचशे, पोरी!" बाबा खेकसले. "मोजमाप मर्त्य माणसांचं!"

"मग तुम्ही तरी कशाला मोजताय?"

कुणीतरी फिसकन हसलं. सुनेने तोवर बादलीभर पाणी आणलं होतं. लिटरची बाटली भरून तिने बादलीत उलटी धरली आणि यंत्र चालू करून त्याची नळी बाटलीच्या तोंडाखाली सरकवली. "अर्धं मिनिट द्या भावोजी. आई, मोजा."

मी मोजू लागले. बुडबुडे खदखदा वर धावले. तिसाला अख्खी बाटली रिकामी.

"आता ही नळी मोठ्या आईंना लावा आणि बाबांची मला द्या."

पुतण्या बाबांकडे बघत राहिला. मग त्याची नजर आईच्या नखांवर गेली. त्याने स्वतःच्या हाताने नळी बदलली.

सुनेने बाटली पुन्हा भरली. बाबांच्या नळीतून बुडबुडे येत होते खरे, पण कसे? जेवून उठल्यावर पेंग यावी तसे. आता गर्दीही माझ्याबरोबर मोजत होती. तीस झाले तेव्हा बाटली जेमतेम पाव रिकामी होती.

"नदी आटली वाटतं," दारातला माणूस म्हणाला.

बाबांच्या मापकावर आकड्यांखाली सोनेरी कागद चिकटवला होता. सुनेने तो नखाने सोलला. खाली छापलं होतं, मिलिलिटर प्रति मिनिट. तान्ह्या बाळांसाठीचा मापक तो.

"एका लिटरात हजार मिलिलिटर," ती म्हणाली. "आपल्या यंत्राचे दोन म्हणजे दोन हजार. बाबांचे पाचशे म्हणजे अर्धा लिटर, मोठ्या आईंच्या वाट्याचा चौथा हिस्सा. आणि तासाचे तीस हजार म्हणजे फक्त तीस लिटर. यंत्र तासाला एकशेवीस देतं."

"श्रद्धा नाही तिथे प्राण टिकत नाही!" म्हणत बाबा नळकांडं उचलायला वाकले. पण पुतण्याने त्यावर पाय ठेवला. "हे इथेच राहील. डॉक्टर आणि पोलीस दोघांनाही दाखवायचंय." बाबा मोकळ्या हातांनी दाराकडे वळले, तर यंत्र न्यायला आलेला माणूस दार अडवून उभा होता.

सुनेने चिमटी शोधून पुन्हा जाऊबाईंच्या बोटाला लावली. तिच्यावरचा आकडा एकेक करत चढू लागला. नखांवर गुलाबी छटा आली तेव्हा पुतण्याने आईचा हात स्वतःच्या हातांत घेतला.

बायांनो, बाप्यांनो, मी देव सोडा म्हणत नाही. मीही सोडलेला नाही. पण कुणी तोंडावर मोठा आकडा फेकला, तर दिपून जाऊ नका. कशाचे, किती वेळात, एवढं विचारा. दोन्ही बाजू एकाच मापात आणा आणि मग तोला. विचारल्याने देव रागावत नाही. रागावतो तो बाबा.

संध्याकाळी जाऊबाईंनी डोळे उघडले. "मौन मोडलंस ना गं माझ्यापायी?"

"मोडलं."

"बरं केलंस," त्या म्हणाल्या, आणि खोकल्या. चांगल्या दणदणीत खोकल्या.