मातामायला बोललेलं

बोलण्याचे प्रकार तरी किती! सासू सुनेला बोलते म्हणजे झाडते, दोन घरांत बोलणी होतात म्हणजे लग्न ठरतं, आणि बाई देवीला बोलते म्हणजे नवस करते. या शेवटच्या बोलण्याला ना कागद लागतो ना साक्षीदार. सुभद्रा तीन आठवड्यांपूर्वी असं बोलून बसली होती आणि तेव्हापासून तिच्या जिवाला चैन नव्हतं.

तिच्या चार वर्षांच्या यशोधरेला मुदतीचा ताप आला होता. दवाखान्याचं औषध चालू होतं, तरी पोर डोळे उघडेना. तेव्हा सुभद्राला पारशिवनीकडच्या आपल्या माहेरची मातामाय आठवली. देवी कसली, कडुनिंबाखालचा शेंदूर फासलेला दगड. पण घाबरलेल्या आईला कोण शहाणपण शिकवणार? "माय, माही पोर वाचव. तुले काळं कोंबडं देईन," असं ती पुटपुटली. आठवडाभरानं ताप उतरला.

झाली का पंचाईत! आठ वर्षांपूर्वी, छप्पन साली, तिच्या नवऱ्यानं, देवरावानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. त्याच आठवड्यात त्यानं घरातले देव टोपलीत भरून नदीत सोडले होते. यापुढे आपल्या घरात नवस नाही, असा त्याचा शब्द होता. गिरणीतली पाळी संपली की तो विहारात वंदना शिकवायचा आणि नवस-उपास करणाऱ्या बायांना चारचौघांत फैलावर घ्यायचा. त्याच्याच बायकोनं देवीला कोंबडं कबूल केलंय हे कळलं तर? सुभद्रानं तोंड उघडलं नाही आणि पारशिवनीला जाणंही राहून गेलं.

आज सकाळी पोरीचं अंग पुन्हा तापलं.

दुपारी शेजारची म्हातारी यमुताई बघायला आली. तिनं पोरीच्या कपाळाला हात लावला आणि आवाज खाली आणला.

"काहून वं सुभद्रा, कोणाले काही बोलली तर नव्हती ना? बोललेलं फेडलं नाही तं मातामाय आपलं माणूस घेऊन जाते, माय."

सुभद्रानं पोरीचं पांघरूण सारखं केलं. "नाही वं यमुताई," ती कशीबशी म्हणाली. म्हातारी उठून गेली, पण तिचं वाक्य काही घरातून जाईना. यशोधरेचा श्वास भरभर चालला होता. तिनं पाण्याचा चमचाही तोंडात घेतला नाही. सुभद्राला वाटलं, नेणारी दाराशी येऊन उभी आहे, आणि तिला बोलावणारी आपणच.

साडेतीनला देवराव गिरणीतून आला. त्यानं हातातला डबा खाली ठेवायच्या आत ती बोलून गेली.

"मी मातामायले बोलली होती. तुमच्या चोरून. फेडलं नाही, म्हणून ते पोरीले नेऊन राहिली."

आता हा घर डोक्यावर घेणार, या धास्तीनं तिनं मान खाली घातली. देवराव पोरीजवळ बसला. तिच्या गळ्याला हात लावून बघितलं.

"ताप जंतूचा असते, सुभद्रा. मातामायचा नाही."

"मले भेव लागते हो."

"काही भेव नको. तिले गोधडीत गुंडाळ. मोठ्या दवाखान्यात चाल."

विहारात बोलायचा तसाच ठाम आवाज. सुभद्राला एवढा धीर लग्नानंतर कधी कोणी दिला नव्हता. तिनं डोळे पुसले आणि पोरीला उचललं.

सायकलरिक्षा महाल भागातल्या अरुंद गल्ल्यांतून निघाली. पोर तिच्या मांडीवर तव्यासारखी तापली होती आणि आता हाकेला ओ देत नव्हती. सुभद्राच्या जिभेवर आणखी एक नवस आला, कोंबड्याहून मोठा. तिनं तो दातांखाली दाबून धरला. घरात हा एक माणूस तरी भीत नाही, मग आपण कशाला भ्यायचं, असं स्वतःला बजावून तिनं देवरावाकडे पाहिलं.

तो समोर रस्त्याकडे बघत होता आणि त्याचे ओठ भराभर हलत होते. आवाज नव्हता. सुभद्राला आधी वाटलं, वंदना म्हणतोय. पण वंदना त्यानंच तिला शिकवली होती. तिची ओळन् ओळ तिला त्याच्या तोंडावरून ओळखता आली असती. ही वंदना नव्हती.

तुम्ही कोणाला बोलताय, हे विचारायची तिची छाती झाली नाही.