पिशवीतून आणलेला वास

दुपारच्या शांततेत प्लॅस्टिकच्या पिशवीची गाठ चुरचुर वाजली. लेकीचा नुकताच डोळा लागला होता. तिच्या पाठीवरचा हात न हलवता आईने मान वळवली. नवरा दाराशी उकिडवा बसून पिशवीचं तोंड तिच्याकडे धरत होता.

"बघ गं जरा."

तिने वाकून नाक आत घातलं. एसीची जाळी आणि त्याखालच्या, पाणी साचतं त्या ताटलीतून पुसून आणलेला कापसाचा बोळा. न वाळलेल्या टॉवेलसारखा कुबट वास.

"बुरशी आहे. पाणी तुंबलंय ताटलीत."

"नक्की?"

"पिशवीत आहे तेवढ्याचं नक्की."

पाण्याचा घोटही न घेता तो तसाच परत गेला. शिवणवाल्या काकूंकडचं काम होतं ते.

सगळ्या वस्तीत त्याला 'नाकवाले' म्हणायचे. एसी असो की हीटर, हा पठ्ठ्या दारात उभा राहून डोळे मिटायचा, एक लांब श्वास घ्यायचा आणि सांगून टाकायचा: इथे उंदीर मेलाय, इथे नुसती धूळ जळतेय, घाबरू नका. हत्यारं पिशवीतून नंतर निघायची. लोक तोंडात बोट घालायचे. मग गेल्या थंडीत त्याला ताप आला. ताप उतरला, पण जाताना वास घेऊन गेला. सोललेली लसणाची पाकळी नाकाशी धरून तो स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसलेला तिला दिसला. डोळ्यांतून पाणी, आवाज नाही. तिने त्याचं डोकं कुशीत घेतलं आणि म्हणाली, "मी आहे ना."

झालं. तिथेच ती अडकली.

तेव्हापासून लोकांच्या घरातले वास पिशवीत बसून तिच्याकडे यायला लागले. ही गोष्ट दोघांतच राहिली, त्याच्या आईलासुद्धा पत्ता नव्हता. सुरुवातीला गंमत होती. तो एकेक वास शिकवायचा, ती चुकली की दोघं खिदळायचे. हळूहळू खिदळणं गेलं आणि नुसतं "नक्की?" उरलं. पिशवीत गार पडलेलाच वास येतो, यंत्र तापल्यावर सुटणारा येत नाही, हे तिने कितीदा सांगितलं. तो म्हणायचा, "मग काय, तुला कडेवर घेऊन फिरू? लोक काय म्हणतील?"

काही दिवसांनी लेकीचा फ्रॉक आणायला ती काकूंकडे गेली. बाहेरच्या खोलीत शिलाई मशीन, आतल्या खोलीत अर्धांगवायूने आडवे झालेले काका. थंडी होती, म्हणून एसी गरम हवेवर लावलेला. उंबरा ओलांडताच लेक ओरडली, "मासा!"

काकू हसल्या. "आमच्याकडे कुठला आलाय मासा, चिमणे? मलाही कालपासून वाटतंय काहीतरी. पण तुझे बाबा बघून गेलेत म्हटल्यावर काय असणार?"

आईने श्वास ओढला: मासळीच. हे त्यानेच शिकवलं होतं: शेगडीवर काही नसताना मासळीचा वास आला तर समज, वायरचं प्लॅस्टिक तापतंय. आधी बटण बंद कर, मग विचार कर. ती धावत आत गेली आणि तिने एसीचं बटण बंद केलं.

"अगं, अगं! काका गारठतील!"

"वायर जळतेय काकू."

"नाकवाल्यांनी तपासलंय ना? आता त्यांच्यापेक्षा तू शहाणी?" काकूंनी हात लांबवून बटण पुन्हा चालू केलं.

तिने ते पुन्हा बंद केलं आणि ती बोर्डाला पाठ लावून उभी राहिली. तशीच तिने नवऱ्याला फोन केला.

तो आला. दारात थांबला, डोळे मिटले, लांब श्वास घेतला. काकू देवळात उभ्या असल्यासारख्या बघत होत्या.

"मासळी," ती हळूच पुटपुटली.

त्याने तिच्याकडे पाहिलंही नाही. "काही नाही काकू. हिचं हे असंच. लेक झाल्यापासून हिला कुठेही, कसलेही वास येतात. परवा माझ्या मोज्यांना गॅसगळती समजली होती!"

काकू पदर तोंडाला लावून हसल्या. काकासुद्धा अर्ध्या तोंडाने हसले. तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. एक वाक्य जिभेच्या टोकावर येऊन बसलं होतं. ते सुटलं असतं तर त्याचं नाव, धंदा, घर, सगळंच धुळीला मिळालं असतं. पण पांघरुणाबाहेर काकांचा पाय आला होता, लोकरीचा मोजा घातलेला. आग लागली तर तो पाय जमिनीला टेकणार नव्हता.

"झाकण उघडा," ती म्हणाली. "नाहीतर मी बोलते."

आता त्याने पाहिलं. समजला. मुकाट्याने स्टुलावर चढून त्याने स्क्रू काढले. वायरी जिथे जोडतात तिथलं प्लॅस्टिक वितळून काळं पडलं होतं. वायरीची साल करपून सुटली होती.

 त्याने घसा साफ केला.

"बघा काकू. मला शंका होतीच. उगाच तुम्हाला घाबरवायचं नव्हतं, एवढंच."

"बाई बाई, काय नाक आहे!" काकूंनी हात जोडले. फ्रॉक आईच्या हातात कोंबत म्हणाल्या, "आणि तू गं, चारचौघांत नवऱ्याला दरडावू नये. कामाचा माणूस आहे तो."

ती "बरं काकू" म्हणाली. 

रस्त्यावर तो दोन पावलं पुढे चालत होता.

"धमकी देतेस मला?"

"काका जळून मेले असते, अहो."

"बुरशी कोण म्हणालं होतं? मी? तू म्हणालीस. तू."

ती म्हणाली होती खरं. पिशवीत बुरशीच होती. आणि ती दर वेळी नाक आत घालत होती.

त्याचा फोन वाजला. आवाज एकदम मऊ झाला. "हो हो, ताई, येतोच. हात लावायचीसुद्धा गरज नाही, दारातूनच सांगतो तुम्हाला." फोन खिशात टाकून, मागे न बघता तो कोपऱ्यावरून वळला.

लेक आईचं बोट धरून सगळं बघत होती. काय गुपित आहे ते तिला कळलं नव्हतं, पण बाबांना मासा आला नाही आणि आपल्याला आला, एवढं तिला नीट कळलं होतं. आईने खाली बसून नवा फ्रॉक काखोटीला मारला, लेकीच्या स्वेटरची बटणं लावली, गार पडलेले गाल दोन्ही हातांत धरले.

लेकीने तिच्या डोळ्यांत बघून विचारलं, "आई, ज्यांच्या घरी आपण जात नाही, त्यांच्याकडे मासा आला तर?"